परस्पर दिलेली पुस्तकं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वाचनालयात कुणी पान दुमडलेलं दिसलं, की मी त्याला असं काही झापायची की पुढच्या वेळी तो पुस्तक उराशी धरून आणायचा. या रागाचं मला कधी वाईट वाटलं नाही. आता वाटतं. मी जरा बरी बोलणारी असते, तर कुणीतरी मला वेळेवर सांगितलं असतं आणि वाचनालय आज उघडं असतं.

झालं असं, की वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना शिडी सरकली आणि मी उजव्या हातावर आपटले. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी हात काही पहिल्यासारखा झाला नाही. पुस्तक देताना तारखेचा शिक्का मारला की कळ थेट कोपरापर्यंत जायची. मी लग्न केलं नाही, भाऊ-वहिनीकडे राहते, त्यामुळे कण्हायला हक्काची माणसं घरात होती. संध्याकाळी वहिनीकडून हात शेकून घ्यायचा आणि तोंडाने गावाचा उद्धार करायचा, असा माझा नेम झाला. यांचं काय जातं, पुस्तक पुढे सरकवलं की झालं, मरण माझं!

वहिनीने ते मनावर घेतलं. भाजी आणायला गेली तरी ती निम्म्या गावाशी बोलून येते. तिने एकेकाला बाजूला घेऊन समजावलं: ताईंचा हात दुखतो, तर एकदा नेलेलं पुस्तक वाचून झालं की परत करू नका, परस्पर पुढच्याला द्या. सगळ्यांचं वाचून झालं की ज्याच्या नावावर आहे त्याने एकदाच नेऊन ठेवावं, मधे फक्त मुदत वाढवून घ्यावी. आणि मला याचा पत्ता लागू द्यायचा नाही, कारण मी आकाशपाताळ एक करीन. लोकांना ते पटलं. एका पुस्तकावर सहा-सहा घरं वाचू लागली, आणि माझ्याकडे नोंद एकाच घराची.

यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मला दिसलं ते एवढंच, की टेबलापुढची गर्दी ओसरली. न्हावी दारातूनच मुदत वाढवा म्हणून ओरडायचा आणि दुकानाकडे पळायचा. एकेक कादंबरी महिनोन् महिने चघळत बसलेत मेले, असं मी भावाला म्हणालेही. त्याने पेपरात डोकं खुपसलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. हाताला आराम होता. दुपारभर खिडकीशी बसून शब्दकोडी सोडवायची, डुलकी लागली तर काढायची. कुणी यायचं नाही, कुणी जायचं नाही.

मग एके दिवशी नगरपालिकेचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, बसायलासुद्धा संकोचत होता. वर्षभरात देवघेव पार तळाला गेली आहे, एवढ्यासाठी इमारत आणि माणूस ठेवता येत नाही, असं त्यांनी चाचरत सांगितलं. पुस्तकं शहरातल्या मोठ्या वाचनालयात जाणार होती आणि मी नगरपालिकेच्या पाणीखात्यात. शनिवारी टेम्पो येणार होता, तोवर बाहेर गेलेली पुस्तकं मी गोळा करायची होती. मी सही केली. गावावर इतकी खार खाऊन होते की वाटलं, बरंच झालं, यांची लायकीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाव्याच्या दुकानात गेले. त्याच्या नावावर चार पुस्तकं होती. त्याने गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा बाजूला धरला आणि जमिनीकडे पाहत म्हणाला,

"ताई, रागावणार नसाल तर सांगतो."

सगळं ऐकून मी तशीच घरी आले. वहिनी वाटाणे सोलत होती. माझं तोंड बघूनच तिला कळलं. ती एवढंच म्हणाली, "तुमच्या हाताला आराम मिळावा म्हणून केलं हो मी." आणि रडायला लागली. मी जन्मभर भांडत आले, पण तिच्याशी कुठल्या तोंडाने भांडणार? हात शेकताना मीच रोज कोकलत होते ना!

साहेबांना फोन केला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "महिनाभर आधी कळलं असतं तर मी स्वतः भांडलो असतो, ताई. आता ठराव झाला. जागासुद्धा दिली गेली."

मग काय, निघाले पिशव्या घेऊन. इतकी वर्षं पुस्तकं दाराबाहेर जाताना पाहिली होती, ती जातात कुठे हे पहिल्यांदाच पाहत होते. रात्रपाळीच्या नर्सच्या डब्याच्या पिशवीत एक होतं. एक पिठाच्या गिरणीत, पीठ लागू नये म्हणून दुहेरी कागदात गुंडाळलेलं. एका घरात आजोबांना दिसत नाही, आजींना नीट ऐकू येत नाही, तर नातसून दोघांच्या मधे बसून मोठ्यांदा वाचत होती. मी आल्यावर तिने वाक्य पूर्ण केलं आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. सगळं गाव वाचत होतं. एकाही पुस्तकाचं पान दुमडलेलं नव्हतं. कुणी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण जो तो माझ्याच हातातली पिशवी उचलायला पुढे येत होता.

शनिवारी एकच पुस्तक उरलं. ते इस्त्रीवालीकडे होतं. ती आमची सभासद नव्हती, वाचनालयाची पायरी कधी चढली नव्हती. सकाळी आठपासून दिवे लागेपर्यंत तिला दुकान सोडता येत नाही, आणि आमची वेळ नेमकी तीच. परस्पर देण्याघेण्यामुळेच पुस्तक तिच्यापर्यंत पोहोचलं होतं. त्या कादंबरीवर सगळ्यांच्या उड्या, त्यामुळे चार महिने थांबल्यावर परवा कुठे तिची पाळी आली होती. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. तिने घडी केलेल्या चादरींच्या मधून पुस्तक काढलं.

मी म्हटलं, ठेवून घे, हरवलं म्हणून सांगते. तर ती नको म्हणाली. माझ्यापायी तुमच्यावर ठपका नको, म्हणाली. पुस्तक माझ्या हातात दिलं, पण दुसरं टोक सोडलं नाही.

"ताई, तुम्ही तर इतकी वर्षं पुस्तकांत काढलीत. एवढंच सांगा, ती बाई शेवटी पोरांकडे परत येते का?"

त्या पुस्तकाचा सुटलेला कणा मी दोनदा चिकटवला होता. त्याची धूळ पुसली होती, नंबर घातला होता, कुणी उशिरा आणलं म्हणून रान उठवलं होतं. वाचलं मात्र कधीच नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

"येते," मी म्हणाले.

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली, आणि तिने पुस्तकाचं टोक सोडलं.

टेम्पो निघेपर्यंत पुस्तक माझ्याच हातात होतं. शेवटचं पान उघडून बघायचा मला धीर झाला नाही.