कोटाचं अस्तर

सकाळी आठ वाजता शिंपी शर्टाला बटणं लावत बसला होता. मशीन चालवायची ताकद अजून अंगात आली नव्हती, पण हात रिकामे ठेवायची सवयही नव्हती. रक्ताचा कॅन्सर झाला, औषधांनी केस गेले, आणि शेवटी थोरल्या बहिणीच्या रक्तातल्या मूळ पेशी त्याच्या अंगात घातल्या. त्याला आता दोन महिने झालेले. पेशी जुळल्या तेव्हा आईनं डॉक्टरीणबाईंचे हात धरले होते. ताईचे नाही.

ताई नवऱ्यानं टाकलेली. बारा वर्षं छापखान्यात पुस्तकं शिवून या घरात पगार आणत होती, तरी आईच्या लेखी ती पांढऱ्या पायाचीच. असल्या बाईला घरात काय किंमत असते, ते मी कशाला सांगू. तुमच्याही घरात असेल एखादी.

कामाला निघताना ताईनं विचारलं, "काल किती वेळा?"

"तीनदा."

"खरं सांग."

"माझं पोट म्हणजे काय शाळा आहे? रोज उठून हजेरी घेतेस."

ती हसली आणि फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर तीन लिहिलं.

तो कागद हॉस्पिटलातला. डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवून समजावलं होतं, "बहिणीच्या पेशी याच्या अंगात नव्या आहेत. कधीकधी त्या याच्या आतड्यालाच परकं समजतात आणि त्याच्यावर उठतात. दिवसात चारच्या वर जुलाब झाले की त्याच दिवशी फोन करा. लवकर कळलं तर बरेचदा औषधानं आवरतं. आणि ताईंचा यात काही दोष नाही."

आईनं यातलं मधलं तेवढं उचललं. एक दिवस आकडा चारपर्यंत गेला, तेव्हा भाजी चिरता चिरता म्हणाली, "नवऱ्याचं घर खाल्लंस, आता भावाचं आतडं खा. याच्या वर गेलं ना, तर तू मला या घरात दिसायची नाहीस."

ताई उठली. कपडे पिशवीत भरले आणि पिशवी दाराशी ठेवली. वेळ आलीच तर हाताशी असावी.

शिंप्यानं ती पिशवी बघितली. त्या दिवसापासून आकडा तीनवरच राहिला. कागदावर.

आई दिवसभर खानावळीत, ताई छापखान्यात. बघायला घरात कोण होतं?

दहाव्या दिवशी दुपारी आई परत आली, तर तो संडासाच्या दाराशी पोट धरून पडलेला. हॉस्पिटलात नेला. नळी घालून आतडं बघितलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि ताईनं सोबत आणलेला फ्रिजवरचा कागद परत परत वाचू लागल्या.

"हे तीनचं आतडं नाही," त्या म्हणाल्या. "आतलं अस्तर सोलून निघालंय. इतके दिवस कळवलं का नाही?"

आईनं ताईकडं बोट केलं. "हिला विचारा. कागद हीच लिहीत होती."

ताईनं मान खाली घातली. तिलाही वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

त्याचं तोंडानं खाणंपिणं बंद झालं. स्टेरॉइड झालं, मग त्याच्यापुढचं औषध झालं, पण आतडं कशालाच दाद देईना. रक्त जायला लागलं. ताई ओल्या कापसानं त्याचे ओठ पुसायची.

"तुझ्या पेशी कामाच्या होत्या गं ताई," तो एकदा म्हणाला. "हजेरी मीच चुकवली."

तिला वाटलं, तापात बरळतोय. हॉस्पिटलातल्या सतराव्या दिवशी तो गेला.

घरात खिळ्याला त्याचा कोट लटकत होता. बरं झाल्यावर घालायचा म्हणून स्वतःसाठी शिवायला घेतलेला, काठ अजून उघडेच. तेवढे तरी पुरे करावेत म्हणून ताईनं तो उलटा केला. काळ्या अस्तरावर शिंप्याच्या खडूनं रेघा ओढल्या होत्या. एका दिवसाची एक ओळ. पाच रेघा. सात. नऊ. शेवटच्या ओळीत चौदा. खाली लिहिलं होतं, 'सोमवारी तपासणीला बाईंना एकटं गाठून सांगणे. आईसमोर नाही.'

तो सोमवार यायच्या तीन दिवस आधीच तो पडला होता.

आई मागं येऊन उभी राहिली. तिनं वाचलं. मग पदरानं खडू पुसायला हात पुढं केला.

ताईनं तो हात धरला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"पुसू नकोस," ती म्हणाली. "मोज."

आई मोजायला लागली. तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं आणि ती तिथंच खाली बसली. ताईनं तिला पाणी दिलं. मग अस्तर वर ठेवून कोटाची घडी घातली, दाराशी पडलेल्या पिशवीत ठेवली, आणि चपला घातल्या.

"चाललीस?" आईनं विचारलं. "कायमची?"

"हॉस्पिटलात. तिथं बाकावर आजही कुणाची तरी बहीण पेशी द्यायला आली असेल. मला तिच्या आईला हे दाखवायचंय."