सुनेच्या तपासणीला गेलेली सासू

दीक्षाला सातवा महिना लागला होता, म्हणून तिची सासू कस्तुरा तिला काळेवाडीजवळच्या पालिकेच्या दवाखान्यात तपासणीला घेऊन आली होती. रांगेत उभ्या उभ्या कस्तुरालाच घेरी आली. नर्सबाईंनी तिला आत नेऊन झोपवलं. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?"

"बंद झाली की. पंचेचाळिशी सरली माझी."

बाईंनी तिच्या पोटावर एक छोटं यंत्र टेकवलं, तशी खोलीभर धडधड घुमली.

"पाचवा महिना आहे, मावशी."

कस्तुरा ताडकन उठून बसली. "बाई, गरोदर माझी सून हाय! मला नुसता पित्ताचा त्रास हाय."

"हे ठोके तुमच्याच बाळाचे आहेत."

गल्लीत तोंड कसं दाखवायचं? पोरगा काय म्हणेल? कस्तुराने पदर तोंडात कोंबला. मागोमाग आत आलेली दीक्षा हळूच म्हणाली, "आई, आता दोघींनी मिळूनच यायचं तपासायला."

संध्याकाळी नवऱ्याला, ज्ञानदेवला सांगितलं, तर तो दारातच मटकन बसला.

वय जास्त म्हणून कस्तुराला पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवलं. नातू दोन महिन्यांचा झाला आणि तिथे तिला मुलगी झाली. पण दूध काही उतरेना. दीक्षाने आपल्या नणंदेला पदराखाली घेतलं. कस्तुरा नुसती बघत राहिली. तिचा अजूनही विश्वास बसत नव्हता.