थर्ड क्लॅरिनेटचे आठ बार

"परत गडप!" जयरामभाऊंनी हेडफोन कानावरून ओढून टेबलावर टाकला. "चोविसाव्या बारपर्यंत सगळं नीट वाजतंय. पंचविसाव्याला माझा थर्ड क्लॅरिनेट जातो कुठं?"

"अहो, सकाळपासून तेच चाललंय," सिंधुबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "दोन घास खाऊन घ्या आधी."

"चार वाजता पाठवायचंय ते. घास काय पळून जातायत?"

सिंधुबाईंनी ताटावर ताट उपडं घातलं. साडेअकरा वाजले होते. जयरामभाऊ उठले, गॅलरीत गेले, जेलरोडवरची रहदारी उगाच पाहिली आणि पुन्हा येऊन खुर्चीवर बसले. सकाळपासून त्यांनी अशा वीस-पंचवीस फेऱ्या मारल्या असतील.

जयराम साळवे पोलीस बँडात बत्तीस वर्षं थर्ड क्लॅरिनेट वाजवत होते. फर्स्ट क्लॅरिनेटकडे चाल असते, सेकंड त्याला साथ देतो आणि थर्ड खालून भर घालतो. वरणात हिंग नसला की लगेच कळतं, असला की कोणी विचारत नाही, तसंच थर्डचं. लग्नानंतर पहिल्या काही वर्षांत सिंधुबाई एक मेच्या संचलनाला दोरीपलीकडे उभ्या राहून बँड ऐकायच्या आणि घरी आल्यावर विचारायच्या, "त्यात तुमचा आवाज कुठला हो?" जयरामभाऊ सांगायचे, "तो असा वेगळा ऐकू येत नसतो." पुढे त्यांनी विचारणं सोडलं. त्या विचारायच्या तेव्हा भाऊंना राग यायचा, आणि विचारणं सोडल्यावर वाईट वाटलं. माणसाचं असंच असतं.

निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या सोबत्यांना गोळा करून अकरा जणांचा बँड उभा केला. लग्नाच्या सुपाऱ्या कमीच मिळायच्या, पण शाळांची संमेलनं, जयंत्या, उद्घाटनं असं काहीबाही चालायचं. अशातच कॉलनीजवळच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. मुख्याध्यापिका सुमेधाबाईंनी विचारलं, "भाऊ, शाळेचा स्वतःचा एखादा मार्च लिहून द्याल का? नेहमीच्याच चाली किती दिवस वाजवायच्या?" भाऊंनी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाजवलं होतं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसले.

तीन महिने त्यात गेले. मुलगी तेजश्री पुण्याला नोकरीला होती. तिनं आपला जुना लॅपटॉप दिला आणि त्यात नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. रेघांवर माऊसनं एकेक सूर ठेवायचा, बटण दाबलं की क्लॅरिनेटच्या ओळीतून क्लॅरिनेट वाजतो, ड्रमच्या ओळीतून ड्रम. भाऊंना आधी ते पोरखेळ वाटलं होतं. मग एकदा पानभर लिहिलेलं अकरा वाद्यांत वाजलं आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

मार्चमध्ये त्यांनी एक गोष्ट केली होती, ती कोणाला सांगितली नव्हती. पंचवीस ते बत्तीस, या आठ बारांत चाल थर्ड क्लॅरिनेटला दिली होती. बार म्हणजे कागदावरच्या दोन उभ्या रेघांमधला तालाचा तुकडा. असे आठ तुकडे, झपाट्यानं चालणाऱ्या मार्चमध्ये जेमतेम आठ सेकंदांचे. पण खरं सांगायचं तर त्या आठ बारांसाठीच बाकीचा मार्च लिहिला होता. शनिवारी शाळेच्या मैदानावर सिंधुबाई खुर्चीत बसलेल्या असतील आणि त्यांना विचारावं लागणार नाही, एवढंच भाऊंच्या मनात होतं.

सुमेधाबाईंनी मात्र अट घातली होती. समितीला मार्च आधी ऐकायचा होता. आज चारपर्यंत व्हॉट्सॲपवर आला तर ठीक, नाहीतर स्पीकरवाला तयार चाली लावणार होता. आणि नेमके तेच आठ बार ऐकू येत नव्हते.

भाऊंनी सगळं करून पाहिलं होतं. लॅपटॉप बंद करून चालू केला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. वाद्यांच्या आवाजांची भलीमोठी फाइल दोनदा उतरवली, त्यात मोबाइलचा दिवसाचा डेटा संपत आला. थर्डची ओळ पुसून पुन्हा लिहिली, एकेक सूर मोजून तपासली. शेवटी मिक्सर उघडला. तिथं प्रत्येक वाद्याच्या नावापुढे आवाज कमीजास्त करायची पट्टी होती. बाकीची वाद्यं बंद करून थर्ड एकटा वाजवला तर तो वाजत होता, अगदी हळू, पण वाजत होता. सगळ्यांबरोबर बसवला की गडप. पट्टी पार वर नेली तरी तेच.

"एकटा असला की बोलतो, चारचौघांत मुका," भाऊ पुटपुटले. "हे कसलं सॉफ्टवेअर?"

एक वाजता चंदर आला. चंदर त्यांच्या बँडात कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेट, वाजवायचा, चाल कायम त्याच्याकडे. मूळचा निफाडकडचा, आवाजानं आणि स्वभावानंही मोठा. पोलीस बँडात बँडमास्तर असताना आणि आता नसतानाही बँड चंदरच्या मागे चालायचा, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

"काय भाऊ, पाठवला का नाय मार्च?"

"ऐक आधी. पंचविसाव्या बारपाशी काय होतंय सांग."

चंदरनं डोळे मिटून ऐकलं. मांडीवर ताल धरला. संपल्यावर म्हणाला, "लय भारी! काय बिघडलंय याच्यात?"

"पंचवीस ते बत्तीसमध्ये काय ऐकू आलं?"

"कॉर्नेट. चांगला खणखणीत हाय की."

"आणि थर्ड?"

"थर्ड?" चंदरला प्रश्नच कळला नाही. "तो असंल ना खाली कुठंतरी." मग मित्राचं तोंड पाहून त्याला वाटलं काहीतरी करायला हवं, म्हणून त्यानं लॅपटॉप उचलून बुडावर दोन थापा मारल्या. "स्पीकरमध्ये धूळ गेली असंल. माझ्या टीव्हीचंबी असंच व्हतं."

"ठेव तो खाली!" भाऊ ओरडले. चंदरनं लॅपटॉप ठेवला, पाणी प्यायला आणि सहाला तालमीला येतो म्हणून निघून गेला.

अडीच वाजले. ताटातल्या पोळीचे काठ वाळले होते. शेवटी भाऊंनी फाइल तेजश्रीला पाठवली आणि फोन लावला. तिला कामात त्रास द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण आता इलाज नव्हता.

दहा मिनिटांनी तिचा फोन आला. "पप्पा, उघडली मी फाइल. सॉफ्टवेअर चांगलंय."

"मग आवाज का येत नाही?"

"पंचविसाव्या बारला थर्डच्या ओळीखाली बघा. काय लिहिलंय?"

भाऊंनी चष्मा वर सरकवला. "पीपी."

"पीपी म्हणजे अगदी हळू ना? लहानपणी तुम्हीच शिकवलं होतं मला. तुम्ही लिहिलंत, म्हणून ते हळू वाजवतंय."

"अगं, ते तर असतंच," भाऊ म्हणाले. "थर्डच्या कागदावर ते असतंच."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते भाऊंना ऐकू आलं. सकाळपासून त्यांनी ती ओळ शंभरदा वाचली असेल. सूर तपासले, ताल तपासला, आणि खालच्या दोन अक्षरांवरून दर वेळी नजर तशीच पुढे गेली. बँडमास्तर छडी उगारून त्यांच्या रांगेकडे बघायचे आणि म्हणायचे, "थर्ड, हळू!" बत्तीस वर्षं. आज मास्तर नव्हते, छडी नव्हती, कागदसुद्धा स्वतःचा होता. तरी ओळ पुसून दुसऱ्यांदा लिहिली तेव्हाही हातानं आपसूक दोन पी घातले होते. भाऊंना लाज वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

"पप्पा? आहात ना?"

"आहे. काढतो ते. एफ टाकतो, म्हणजे जोरात."

"तेवढ्यानं होणार नाही. वर दोन्ही कॉर्नेटना डबल एफ आहे. त्यांना तिथं पी द्या."

"चंदरला?" भाऊ एकदम म्हणाले. "तो नाही ऐकायचा."

"कॉम्प्युटर तर ऐकेल ना? आत्ता तेवढंच करा."

तिनं फोन ठेवला. भाऊंनी कॉर्नेटच्या ओळीवर माऊस नेला आणि थांबले. दुसऱ्याला हळू वाजव असं त्यांनी जन्मात सांगितलं नव्हतं. बटण दाबताना बोट कचरत होतं, जणू चंदर मागे उभा राहून बघतोय. मग दाबलं. पी. खालच्या कॉर्नेटलाही पी. आपल्या ओळीखाली एफ. त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि मार्च स्पीकरवर लावला.

पंचविसाव्या बारला सगळा बँड बाजूला सरकला आणि मधून एक क्लॅरिनेट आला. आवाज यंत्राचाच होता, जरा कोरडा, पण चाल त्यांची होती. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"हे चांगलंय," सिंधुबाई दारात येऊन म्हणाल्या. "कोण वाजवतंय?"

"कोणी नाही. कॉम्प्युटर," भाऊ म्हणाले. एवढं सोपं असताना त्यांना पुढचं सांगता आलं नाही. "तू संध्याकाळी तालमीला चल."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"चल म्हटलं ना."

चारला दहा कमी असताना मार्च गेला. सव्वाचारला सुमेधाबाईंचं उत्तर आलं : समितीला पसंत आहे, शनिवारी हाच वाजवा. भाऊंनी वाळकी पोळी उभ्यानंच खाल्ली आणि झेरॉक्सच्या दुकानात अकरा जणांचे कागद छापायला पळाले.

सहा वाजता विहारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळे जमले. सिंधुबाई कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पर्स मांडीत घेऊन बसल्या. भाऊ आपल्या जागी, क्लॅरिनेटच्या रांगेत शेवटी. मार्च सुरू झाला. पंचविसावा बार आला आणि चंदरचा कॉर्नेट नेहमीसारखा दणकून वाजला. भाऊंचा सूर त्याखाली गेला. ते वाजवत राहिले. दुसऱ्यांदाही तेच झालं. त्यांनी सिंधुबाईंकडे पाहिलं. त्या चंदरकडे बघून कौतुकानं मान हलवत होत्या.

तिसऱ्यांदा पंचविसाव्या बारला भाऊंनी क्लॅरिनेट तोंडातून काढला आणि हात वर केला. बँड विस्कटत थांबला.

"चंदर, इथं हळू."

"कोन, मी?"

"कागदावर पी लिहिलंय."

चंदरनं कागद डोळ्यांजवळ धरला. "छापताना चुकलं असंल, भाऊ. कॉर्नेटला पी कोन देतं?"

"मी दिलाय. इथं चाल थर्डकडे आहे."

कोणीतरी खोकलं. मोठं पितळी युफोनियम वाजवणाऱ्यानं मान वळवून भाऊंकडे पाहिलं. चंदर हसायला निघाला होता, पण भाऊंच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. त्यानं कॉर्नेट पुसला, कागद पुन्हा स्टँडवर लावला आणि म्हणाला, "बरं. हळू तर हळू."

या खेपेला चंदर खरंच खाली आला. सगळेच आले. आणि मध्ये जयरामभाऊंचा क्लॅरिनेट उघडा पडला. कॉम्प्युटरसारखा नव्हता तो. बासष्ट वर्षांचा श्वास होता, दोन दात हलत होते, तिसऱ्या बारला सूर चांगलाच फाटला. बत्तीस वर्षं झाकलेला आवाज मोकळा झाला तेव्हा म्हातारा झाला होता. भाऊंना ते कळलं, शेडमधल्या प्रत्येकाला कळलं. हळू केलं असतं तर झाकलं गेलं असतं. त्यांनी हळू केलं नाही. फाटलेला सूर तसाच पुढे रेटला, सावरला आणि आठवा बार पुरा केला.

तेहतिसाव्याला कॉर्नेटनं जोरात परत यायचं होतं. चंदर आलाच नाही. मार्च मध्येच कोसळला, नुसता ड्रम दोन ठोके पुढे गेला आणि तोही थांबला.

"काय रे?" भाऊंनी विचारलं.

चंदरनं कॉर्नेट गुडघ्यावर टेकवला होता. "ऐकत बसलो, भाऊ. बार मोजायचे राहूनच गेले."

कडेला सिंधुबाई पर्स खाली ठेवून उभ्या राहिल्या होत्या. भाऊंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग कागदाकडे वळले. ओठ त्यांनी रुमालानं टिपले.

"मोजायचं असतं, चंदर," ते म्हणाले. "पंचविसापासून परत."