विमानाची काळी बाहुली

किशनरावांनी विमान घेतलं त्या दिवशी मराठवाड्याचा मागासलेपणा कायमचा संपला. नांदेडच्या विमानतळाबाहेर तसा फ्लेक्सच लागला होता. विमान मात्र चौथ्या हातचं होतं आणि मागच्या सीटवर आधीच्या कुणा मालकाच्या कुत्र्याचे केस अजून तसेच होते.

किशनरावांचे शिकवणी वर्ग नांदेडला आणि लातूरला. मधल्या रस्त्याचं काम त्यांच्या मेव्हण्यानं केलेलं, म्हणून ते स्वतः हवेतून जाणार होते.

पायलट धम्मप्रिया, हिमायतनगरच्या एका मास्तरांची मुलगी. लायसन हातात आल्यावर दोन वर्षं घरी बसून मिळालेली ही पहिली नोकरी. ही गेली की पुन्हा घर, हे तिला पाठ होतं.

पहिल्या उड्डाणाआधी पूजा झाली. किशनरावांच्या बायको सिंधुताईंनी तिन्ही चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि पुढच्या चाकाच्या दांड्याला नायलॉनच्या दोरीनं काळी बाहुली बांधली. धम्मप्रियानं ती सोडून त्यांच्या हातात परत दिली.

"ताई, उडाल्यावर हे चाक पोटात जातं. दोरी अडकली तर बाहेर यायचं नाही."

"जीपला बांधली तव्हा काय झालं न्हाई."

"जीप चाकं पोटात घेत नाही, ताई."

"राहू दे सिंधु," किशनराव हसले. "मॅडमच्यात मानत न्हाईत."

तिनं विमानाभोवती फिरून सगळं तपासलं आणि ती आत जाऊन बसली. काचेतून तिला साहेब विमानाच्या नाकापाशी वाकलेले दिसले. नमस्कार करत असतील, कुणाच्या श्रद्धेकडे टक लावून बघू नये, म्हणून तिनं मान फिरवली.

लातूरवर आल्यावर तिनं चाकं सोडली. मागच्या दोन्ही चाकांचे हिरवे दिवे लागले. पुढचा लागला नाही. पुन्हा वर घेतली, पुन्हा सोडली. तेच. मग तिनं धावपट्टीवरून अगदी कमी उंचीवर एक फेरी मारली. खालच्या माणसानं वायरलेसवर सांगितलं, "पुढचं चाक न्हाई दिसत, मॅडम. पण कायतरी काळं लोंबून राहिलंय. केस हायत त्याला."

धम्मप्रियानं मागं वळून बघितलं. "साहेब?"

"लोकांची नजर लई बेकार असती, मॅडम," किशनराव खिडकीकडे बघत म्हणाले. सिंधुताईंनी डोळे मिटले होते.

इंधन कमी होईपर्यंत ती घिरट्या घालत राहिली. खाली बंब येऊन उभा राहिला. बंबात पाणी होतं. लातुरात हे वेगळं सांगावं लागतं. मग तिनं मागच्या दोन चाकांवर विमान टेकवलं, इंजिनं बंद केली आणि नाक जितका वेळ अधांतरी धरता आलं तितका वेळ धरलं. शेवटी नाक टेकलं, ठिणग्या उडाल्या, आणि विमान साष्टांग नमस्कार घालून थांबलं. तिघंही आपल्या पायांनी उतरले.

बातमीदारांना किशनराव म्हणाले, "बाहुलीनं तारलं." संध्याकाळपर्यंत जिल्ह्याला ते पटलं होतं.

दोन दिवसांनी चौकशीचे अधिकारी आले. चाकाच्या खोबणीतून त्यांनी दोरीसकट बाहुली ओढून काढली. "ही कुणी बांधली?"

धम्मप्रिया किशनरावांकडे बघत राहिली. एक वाक्य, एवढंच तिला हवं होतं.

"बांधायचं कुणीबी बांधतंय," किशनराव म्हणाले. "उडायच्या आधी तपासायचं काम पायलटचं असतंय."

अधिकाऱ्यांनी तिचं लायसन मागून घेतलं.

ते गेल्यावर ती म्हणाली, "साहेब, मी सोडलेली बाहुली तुम्ही परत बांधली."

"हाव. तुम्ही सोडली म्हणून तर संकट आलं. मी बांधली म्हणून जीव वाचला." त्यांच्या आवाजात जराही खोट नव्हती. "उद्यापासून येऊ नका. सिंधु म्हणती, तुमचा पायगुण बरा न्हाई. माझं तसं काही न्हाई."

ती विमानातली आपली बॅग काढायला वळली.

"मॅडम, एक काम होतं," किशनराव मागून म्हणाले. "दुसरं विमान बघून राहिलो. ती बाहुली त्या साहेबांनी संगं नेली. तेवढी परत मागून द्या ना. तुमचं इंग्रजी चांगलं हाय."