झाकलेली बादली

बादलीवरचं ताट सुनेने उचललं आणि वाफ तिच्या तोंडावर आली. आत सासऱ्यांचे पांढरे रुमाल भिजत घातलेले होते. एक तिने दोन बोटांत धरून वर काढला. मधोमध तपकिरी डाग होता, कडेला पिवळट. दुसऱ्यावरही तसाच. तिसरा उलगडायचं धाडस तिला झालं नाही.

गेले काही दिवस सासरे आपले कपडे आपणच धूत होते. आयुष्यभर बस चालवलेला हा माणूस घरात इकडची काडी तिकडे न करणारा. त्याने सकाळी उठून गीझर लावावा आणि बाथरूमची कडी घालून घ्यावी, याचं घरात कौतुकच चाललं होतं. "बाबांना म्हातारपणी उपरती झाली," असं तिचा नवरा म्हणाला होता आणि तीही खळखळून हसली होती. आता त्या हसण्याची तिला लाज वाटली.

सासरे गॅलरीत पेपर वाचत होते. ती ओले रुमाल घेऊनच समोर उभी राहिली.

"बाबा, हे काय?"

"चहा सांडला होता."

"सगळ्या रुमालांवर?"

त्यांनी पेपरचं पान उलटलं. वाचत मात्र ते काही नव्हते.

"चहा कुठला आणि रक्त कुठलं, हे बाईमाणसाला सांगावं लागत नाही, बाबा. कधीपासून येतंय?"

"सकाळी खाकरलं की येतं. थोडंसंच." मग आवाज खाली आला. "त्याला सांगू नकोस. तुझ्या सासूचंही असंच झालं होतं."

सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचा खोकला घरात इतका जुना होता की त्याच्याकडे कुणी लक्षच देत नसे. शेवटी खोकताना रक्त पडलेलं दिसलं आणि छातीत काय वाढतंय ते कळलं, तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हापासून सासऱ्यांचं एकच पालुपद होतं : शेवटच्या सीटवर कोण पेंगतंय ते मला आरशात दिसायचं आणि शेजारी झोपणारी बायको दिसली नाही. सून ऐकून घ्यायची.

तिने ऑफिसात रजा टाकली आणि सासऱ्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. नवऱ्याला फोन केला, तोही हातातलं काम टाकून धावत आला. छातीचा फोटो हाती येईपर्यंत तिघंही बाकावर बसून होती. सासरे शर्टाचं वरचं बटण लावत होते, परत काढत होते.

"छाती स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. नाकात बॅटरी मारून त्यांनी बराच वेळ पाहिलं होतं. "रक्त नाकातलं आहे. आत कोरडं पडतं, बारीकशी शीर फुटते. रात्री घशात उतरतं आणि सकाळी खाकरल्यावर दिसतं. मलम देतो. आणि आजोबा, नाकात बोट घालायचं नाही."

"या वयात एवढंच ऐकायचं राहिलं होतं," सासरे म्हणाले.

तिच्या नवऱ्याला हसू फुटलं आणि मग ते आवरेचना, शेवटी डोळे पुसावे लागले. तिच्या जिवात जीव आला. आपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही, हे तिला तेव्हा आठवलं.

घरी आल्यावर सासरे बादलीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे देऊन टाक फेकून. कढत पाणी घातलं, साबण घासघास घासला, डाग काही हलेना."

"हलेल कसा? रक्ताला गरम पाणी लागलं की डाग पक्का बसतो. थंड पाण्यात लगेच धुतले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. आणा तो खिशातला."

डॉक्टरांकडे नाक पुसलेला रुमाल तिने नळाखाली धरला. गुलाबी पाणी वाहून गेलं. जरासा साबण लावून चोळला, पिळला आणि झटकून त्यांच्यापुढे धरला. रुमाल पांढराशुभ्र.

सासरे बघतच राहिले.

"थंड पाण्यानं जातं?"

"जातं की."

ते बाथरूमच्या दाराशी असलेल्या स्टुलावर बसले.

"भर थंडीत तुझी सासू आपले रुमाल नळाखाली धरून उभी असायची. गीझर चालू असायचा बरं का. हात लालबुंद व्हायचे. मी ओरडायचो. तर म्हणायची, गरम पाण्यानं रंग उडतो."

सुनेने नळ बंद केला.

"पांढरे होते गं तिचे रुमाल. पांढऱ्याचा कसला रंग उडायचाय?"

ते आता कोसळणार असं तिला वाटलं. पण त्यांनी नुसता एक लांब श्वास सोडला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

"म्हणजे मी आंधळा नव्हतो. तिनं मला दिसूच दिलं नाही. लबाड! माझ्या डोळ्यांदेखत, रोज."

"आणि तुम्ही कुठे कमी आहात? तुमचं फक्त पाणी चुकलं."

यावर ते मोठ्याने हसले. उठून त्यांनी बादलीतले रुमाल एकेक करून पिळले. इतके दिवस ते पलंगामागे, भिंतीकडच्या बाजूला वाळत होते. आता ते घेऊन सासरे गॅलरीत गेले आणि रस्त्याकडच्या दोरीवर त्यांनी सगळे ओळीने पसरले, डागाचे आणि तो पांढराही.

"चिमटे आण गं," त्यांनी तिथूनच हाक मारली. "वारा आहे."