आखाजीचा मुऱ्हाळी

हितेंद्रने पहार पुन्हा उगारली तेव्हा फाटकाचा पत्रा आत फुगून आला होता. सुनंदाबाई आतून फाटकाला पाठ लावून उभ्या होत्या. मार खाऊन आलेल्या बायका-पोरांना आसरा देणं हे धुळ्याच्या या आधारगृहाचं काम, आणि त्यांच्या मागावर आलेल्या मर्दांच्या शिव्या खाणं हे व्यवस्थापक म्हणून सुनंदाबाईंचं. मर्द कसले डोंबलाचे! पोलीस फोनवर ‘निघालो’ म्हणाले होते. निघाले असतील बापडे.

“डिंपलले बाहेर काढ, म्हातारे! नही ते बठ्ठासले जाळी टाकसू!”

आत डिंपलने लेकीचा एक कान हाताने झाकला होता आणि दुसरा स्वतःच्या कुशीत दाबला होता. तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. नवऱ्याने, म्हणजे या हितेंद्रनेच, धुण्याच्या मोगरीने तो मोडला होता. धरणगावहून मिळेल त्या एसटीने ती पोरीला घेऊन इथे आली होती.

एकाएकी घाव थांबले. सुनंदाबाईंनी फटीतून पाहिलं. कोण्या तरुणाने पहार हिसकावून हितेंद्रच्या डोक्यात घातली होती. हितेंद्र रस्त्यावर कोसळला. रक्त भुवईवरून शर्टात उतरत होतं, आणि तो तरुण त्याला लाथांवर लाथा घालत होता.

“मनी बहीणवर हात टाकस? मनी बहीणवर?”

खोटं कशाला बोला, सुनंदाबाईंना बरं वाटलं. अगदी गार वाटलं.

तो धापा टाकत फाटकाशी आला. “अक्का, मी नवल. डिंपलना भाऊ. आखाजीले बहीणले लेवाले उनू.”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला न्यायला माहेरचा मुऱ्हाळी दारात आला की खानदेशात त्याला कोणी नाही म्हणत नाही. सासू कितीही खाष्ट असो, सुनेला पाठवतेच. बाईला माहेरी धाडण्याआधी तिथली चौकशी करायची, हा संस्थेचा नियम. सुनंदाबाईंनी तो इतरांना घोकून शिकवला होता. पण दारात भाऊ उभा, तोही आखाजीचा! त्यांनी कडी काढलीसुद्धा.

“डिंपल, अगं भाऊ आला तुझा! बोचकं बांध.”

“मी नही जावाव.”

“वेडी का काय? तुझ्यासाठी रक्त सांडलं त्याने!”

“अक्का, तेन्हामांगे कोण उभी शे, ते देखा.”

रस्त्यापलीकडे पदर पुढे ओढून एक बाई उभी होती. तिचाही हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला.

“ती किरण. मनी भाबी. आणि हितेंद्रनी सख्खी बहीण. आमनं साटंलोटं शे.”

या घरची लेक त्या घरात, त्या घरची या घरात. सुनंदाबाईंना वेगळं सांगायला नको होतं.

“तेनी मना हात मोडा. मना भाऊले कळनं, तेनी तिना मोडा. मना दात पडना, तिना बी पाडा. आणि सांगस काय, बहीणना बदला लिधा!” डिंपलचा आवाज चिरकला. “मले मारतस ना अक्का, तवय तिले बी लागस.”

सुनंदाबाई तरातरा नवलला वळसा घालून रस्त्यापलीकडे गेल्या. बाईला ओढून आत न्यायचं नसतं. तिने आपल्या तोंडाने सांगावं लागतं.

“पोरी, आत यायचंय का तुला?”

किरणने आधी नवलकडे पाहिलं.

“तिले काय विचारतस?” नवल धावत आला. “मी मुऱ्हाळी शे, मनी बहीण काढा!” आणि त्याने किरणचा तोच मोडका हात पकडून तिला मागे खेचलं.

ती गुरासारखी ओरडली. “मले मझार ल्या, अक्का! मले मझार ल्या!”

सुनंदाबाईंनी जन्मात कोणाला चापट मारली नव्हती. त्यांनी नवलच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, दातांना रक्त लागेस्तोवर. मग किरणला कवेत घेऊन त्या आत शिरल्या आणि कडी घातली.

बाहेर नवलने आधी शिव्या दिल्या. मग तो वळला, पडलेल्या हितेंद्रला बखोटीला धरून त्याने उभं केलं. घटकेपूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेले ते दोघं मेहुणे आता एका सुरात बोंबलत होते.

“आमन्या बायका बाहेर काढा!”

पत्र्यावर पुन्हा पहार बसली. लांबून पोलिसांच्या गाडीचा भोंगा ऐकू आला, तरी ती थांबली नाही.

किरण डिंपलजवळ चटईवर बसली. तिने विचारलं,

“भाबी, मना दादाना डोकाले भलतं लागनं का वं?”

डिंपलने तिच्याकडे पाहिलं. किरणच्या मोडक्या हाताची बोटं सुजून निळी पडली होती. डिंपलने आपल्या धड हाताने तिचा पदर सावरला.

“नही वं भाबी,” ती म्हणाली. “जरासं खरचटनं.”