माझ्या झरोक्यातून दिसणारी साखळी

"बाबा, खरं सांगा, त्या सिनेमात शेवटी ताटात माणसाचं बोट वाढतात का?"

हिंमत असेल तर विचारून दाखव, असं मैत्रिणींनी डिवचलं होतं, म्हणून भिंगरीने विचारलं. आवाज ठणठणीत होता, पण माझ्या पाठीवर टेकलेला तिचा हात गार पडला होता. बाबा माझ्यात फिल्म ओवत होते. "मला काय ठाऊक? मी सिनेमा कुठे बघतो? मी कोपरा बघतो," ते म्हणाले.

त्यांचं खरं होतं, मित्रांनो. मी चित्रपटगृहातला जुना प्रोजेक्टर आणि भिंगरीचे बाबा माझे ऑपरेटर. माझा जुळा भाऊ शेजारीच उभा आहे. एकाचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जातो. तेवढ्यात एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने सुरू व्हायचं. ठिपका हुकला की पडदा पांढराफटक आणि खालून शिट्ट्या. म्हणून सव्वीस वर्षं बाबांनी नुसता कोपरा पाहिला.

मी कारखान्यातून आलो तेव्हा चौघांनी मला धापा टाकत जिना चढवला होता. पहिल्या खेळाला लोकांनी मागे वळून माझ्या चौकोनी झरोक्याकडे बघत टाळ्या वाजवल्या. तेव्हा मी काय फुशारलो होतो! मग सगळे मला विसरले. फिल्म पुढे ओढणाऱ्या माझ्या चाकाचे दाते झिजत गेले. बाबांनी मालकांच्या कानावर तीनदा घातलं. मालक म्हणायचे, चालतंय ना, मग चालू दे.

खाली बाजूच्या दाराचंही तेच. फुकटे घुसतात म्हणून मालकांनी त्याला आतून साखळी घालून कुलूप ठोकलं होतं. बाबांना माहीत होतं. तिकीट खिडकीवर बसणाऱ्या भिंगरीच्या आईलाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, त्यामुळे कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. मला मात्र धडकी भरायची. माझ्या पोटातला दिवा इतका तापतो, की फिल्म सरकत राहिली तरच वाचते. क्षणभर अडकली तर वितळून पेटते. मित्रांनो, मला माझीच भीती वाटायची.

भिंगरी त्या दिवशी झरोक्याला डोळा लावून बसली. सिनेमात एक सुरेख गाव होतं. दर आठवड्याला मोठी पंगत बसायची, एका पाहुण्याला मानाने स्वयंपाकघरात बोलवायचे आणि तो परत यायचा नाही. शेवटी एका म्हातारीच्या ताटात अंगठी घातलेलं बोट येतं. अंगठी तिच्या मुलाची असते. ती ओळखते, सगळ्यांकडे बघते आणि म्हणते, मीठ बरोबर पडलंय. प्रेक्षक किंचाळायचे, मग खो खो हसायचे. भिंगरीने डोळे मिटून घेतले. पण दुसऱ्या दिवशी शाळेत तिने ते असं काही रंगवून सांगितलं, की अख्खा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला.

त्याच दुपारी ती पुन्हा आली आणि या वेळी डोळे उघडे ठेवून बसली. खेळ संपल्यावर ती बाबांसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, ते बोट म्हणजे नुसता धक्का आहे," ती म्हणाली. "खरी भीती वेगळीच आहे. स्वयंपाकघराचं दार पूर्ण सिनेमाभर उघडं असतं. कुणीही उठून आत डोकवावं. पण एकही जण उठत नाही."

"फार बघू नकोस," बाबा म्हणाले आणि रीळ गुंडाळायला लागले.

रविवारी दुपारी हाउसफुल्ल होतं. बाबा माझ्याकडे पाठ करून भावात शेवटचं रीळ भरत होते. नेमका म्हातारीचा चेहरा आला आणि माझा झिजलेला दाता निसटला. फिल्म अडकली. मी थांबायला बघत होतो, पण माझा दिवा माझ्या हातात नाही. पडद्यावर म्हातारीच्या गालावर तपकिरी डाग पडला, फुगला, त्याला फोड आले.

आणि लोक टाळ्या वाजवू लागले. त्यांना वाटलं, हाही सिनेमातलाच धक्का. "काय डोकं लावलंय रे," कुणीतरी ओरडलं. माझा धूर झरोक्यातून त्यांच्या डोक्यांवर उतरला, तरी हसणं चालूच होतं.

मग कुणाला तरी वास आला. बाजूच्या दाराकडे लोंढा धावला आणि साखळी खडखडली. इतक्या वर्षांत मी हजार आवाज ऐकले, पण तसा नाही. कडेवर मूल घेतलेली एक बाई दारावर थापा मारत होती आणि मागची माणसं तिला दारावर चेपत होती. बाबांनी माझ्यावर वाळूची बादली उपडी केली. भिंगरीने झरोक्याला तोंड लावून बेंबीच्या देठापासून हाक दिली, "आग विझली. मागे सरका. ताईंना श्वास घेऊ द्या."

माणसं सरकली. बाई खाली बसली. मूल रडलं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

थोड्या वेळाने बरेचसे लोक जागेवर येऊन उरलेला सिनेमा मागू लागले. मालक वर आले. बाबांना म्हणाले, कुणी विचारलं तर सिनेमातलाच भाग होता म्हणून सांग. साखळीचं नावही त्यांनी काढलं नाही. बाबांनी मान डोलावली. भिंगरी ती मान बघत राहिली. बोट बघतानाही तिचा चेहरा इतका पांढरा पडला नव्हता.

खेळ सुटल्यावर आई वर आली. दोघांच्या नोकऱ्या इथेच आहेत, तेव्हा बाहेर अवाक्षर काढायचं नाही, असं तिने लेकीला बजावलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांना तेल द्या, झिजलेले दाते बदला, एवढंच मी एरवी मागितलं असतं. पण आम्ही कितीही जपलेले असलो तरी कधीतरी चुकतो. त्या दिवशी माणसांना बाहेर पडायला वाट असू द्या. आणि वाट बंद दिसली, तर पहिल्यांदा बोलणारे तुम्ही व्हा. मला बोलता येत नाही.

भिंगरीला येतं. तिने आईबाबांना माझ्यासमोरच्या बाकावर बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"उद्या शाळेच्या आधी मी अग्निशमन केंद्रात जाणार आहे. साखळीबद्दल लेखी देणार आणि खाली माझं नाव लिहिणार. मला खूप भीती वाटतेय, आई. तरी जाणार."